जिभेवरचा कण

नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी शारजात, अल नहदाच्या सिग्नलला अडकले होते. ‘गल्फमध्ये इतकी वर्षं काढलीत, कामाबद्दल लिहा, आपल्या वसईच्या लोकांना वाचायला आवडेल,’ असं ते म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता ‘नाताळचा अंक आहे, जरा प्रसन्न असू द्या,’ असंही. मी बरं म्हटलं. प्रसन्न लिहायला बसलेही. पण माझ्या कामातलं जे मनातून हलत नाही ते प्रसन्न नाही, म्हणून आहे तसं लिहून पाठवते. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी स्पीच थेरपिस्ट. गावी हे सांगितलं की लोक आपल्या तोतऱ्या नातवाला पुढे करतात. तेही काम असतं, पण माझी बरीचशी वर्षं ज्यांना गिळता येत नाही अशा माणसांत गेली. गिळणं हे कुणाच्या लक्षातही न येणारं काम आहे. घशात दोन वाटा शेजारी शेजारी असतात, एक पोटाकडे जाणारी, दुसरी फुप्फुसाकडे. घास मागे सरकला की हवेच्या वाटेवर झाकण पडतं, घास आपल्या वाटेने उतरतो आणि झाकण उघडतं. पक्षाघात झाला, डोक्याला मार लागला, मज्जातंतूंचा आजार जडला की हे झाकण उशिरा पडतं. मग ठसका लागतो. ठसका लागला तर बरं म्हणायचं. काहींना तोही लागत नाही. पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि चार दिवसांनी ताप चढतो.

मी पेशंटसमोर बसते, चमचाभर पाणी देते आणि दोन बोटं त्याच्या कंठमण्यावर ठेवते. कंठमणी वर उचलला जातो का, केव्हा, किती, ते बोटांना कळतं. मग त्याला ‘आ’ म्हणायला लावते. आवाज ओला, बुडबुडल्यासारखा आला की मी उठते आणि पलंगाच्या डोक्याशी पाटी लावते : तोंडाने काहीही देऊ नये. ही पाटी लावणारी बाई कुणाला आवडत नाही. दुबईत मुहैस्नाहच्या कामगार-कॅम्पमधला राजापूरचा एक प्लंबर रोज हात जोडायचा, ‘मॅडम, फक्त चहा. दुसरं काय मागतोय?’ शेवटी मी चहात पावडर घालून तो दह्यासारखा घट्ट केला आणि चमच्याने भरवला. पातळ पदार्थ घशातून फार वेगाने पळतो. घट्ट केला की झाकणाला वेळ मिळतो. प्लंबरने तो घोट तोंडात घोळवला आणि म्हणाला, ‘ह्याला तुम्ही चहा म्हणता?’

एक अरब आजोबा होते. त्यांना झमझमचं, मक्केच्या पवित्र विहिरीचं, पाणी हवं होतं. मुलाने बाटली आणली आणि मी पावडर काढली तशी त्याने माझा हात धरला. पावडर घातल्यावर ते झमझमच राहतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हे माझ्या अभ्यासात नव्हतं, तुमच्या मशिदीतल्या शेखना विचारा. आजोबा पडल्या पडल्या ऐकत होते. ते अरबीत काहीतरी म्हणाले आणि मुलगा हसला. मला म्हणाला, ‘बाबा म्हणतात, पाणी तेच आहे, फक्त त्याची चाल हळू झालीय. यल्ला, घाला.’ ते पाणी त्यांना नीट उतरलं. त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत गेले होते.

बावतीस सर माझ्याकडे पेशंट म्हणून येण्याआधी मी त्यांची विद्यार्थिनी होते. ते वसईचेच. इथे एका इंजिनिअरिंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, पण लोक ‘सर’ म्हणायचे ते चर्चमुळे. मोठ्यांचा धर्मशिक्षणाचा वर्ग ते घ्यायचे. चर्चच्या आवारातली खोली, भिंतीला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, आणि एसी इतका जोरात की बायका ओढण्या कानावर घेऊन बसायच्या. सरांचा जीव आरंभीच्या ख्रिस्ती लोकांवर होता. चर्च बांधलेलं नाही, कुणाच्या तरी घरात पहाटे जमायचं, भाकर मोडायची आणि हे ख्रिस्ताचं शरीर आहे असं समजून खायची, हे ते असं सांगायचे की जणू परवाच त्या घरी जाऊन आलेत.

‘त्यांच्याबद्दल अफवा होती की हे लोक लपूनछपून माणसाचं मांस खातात,’ सर म्हणाले होते. ‘आता ही अफवा मिटवणं किती सोपं होतं! अहो, ती साधी भाकर आहे, आठवण म्हणून खातो, एवढं म्हटलं की झालं. पण ते तसं म्हणाले नाहीत. देह म्हणजे देहच, असं सांगत राहिले, त्यापायी मरणही पत्करलं.’

मागे बसलेल्या एकाने हात वर केला. ‘पण सर, सिम्बॉलिक अर्थाने ना?’

‘चिन्हासाठी कोण मरायला जाईल?’

‘झेंड्यासाठी मरतात की, सर.’

सगळे हसले. सरही हसले, चष्मा काढून पुसला. ‘बरोबर आहे तुझं. मग दुसरं सांगतो. जे आजारी असायचे, तुरुंगात असायचे, त्यांना त्या घरापर्यंत येता यायचं नाही. त्यांच्यासाठी तुकडा बाजूला ठेवायचे आणि कुणातरी सेवकाच्या हाती पाठवायचे. आठवण अशी पाठवता येते का? आठवण ज्याची त्यालाच येते. कुणीतरी खरोखर तिथे असल्याशिवाय त्याला दुसऱ्याच्या घरी कसं नेणार?’

ते मला इतकं पटलं की पुढच्याच महिन्यात मी फादरांकडे गेले. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे तीच भाकर, नेऊन द्यायला चर्चमध्ये काही जणांना नेमलेलं असतं. त्यात माझं नाव घाला म्हटलं. फादर केरळचे, आमच्याशी हिंदी बोलतात. म्हणाले, ‘आप तो वैसे भी बीमारों के पास जाती हो.’ मिस्सा, रविवारची उपासना, संपली की छोट्या गोल डबीत ते पातळ पांढरे तुकडे घ्यायचे, डबी गळ्यातल्या पिशवीत ठेवायची आणि वाटेत कुठेही न थांबता, कुणाशी गप्पा न मारता थेट आजाऱ्याच्या दारात जायचं.

सरांचा आजार पहिल्यांदा माझ्याच कानाला जाणवला. मिस्सेत वाचन करताना त्यांच्या ‘ख्रिस्त’मधला ‘र’ पुसट झाला. लोकांना वाटलं, नवी कवळी असेल. मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं आणि जीभ दाखवा म्हटलं. मोनिकाताई, त्यांच्या पत्नी, शेजारी उभ्या होत्या. ‘अगं, इथे? लोक काय म्हणतील?’ सरांनी लहान मुलासारखी जीभ बाहेर काढली. ती स्वस्थ होती, पण आत बारीक अळ्या वळवळाव्यात तशी थरथरत होती. असल्या जिभा मी पूर्वी पाहिल्या होत्या.

‘काय दिसलं?’ सरांनी विचारलं.

‘थकलीय, सर. एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवू या.’

‘थकणारच. बोललीय किती!’

तपासण्या झाल्या आणि मला वाटलं होतं तेच निघालं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात. आधी बोलणं आणि गिळणं जातं, मग हातपाय, शेवटी श्वास. डोकं शाबूत राहतं, म्हणजे माणूस हे सगळं बघत असतो. औषध असं नाही. मुलगी रिया दुबईच्या बँकेत होती, तिने आईवडिलांना आपल्या व्हिसावर ठेवून घेतलं. ‘गावी काय आहे, पापा? हिअर यू हॅव अनिता आंटी.’ तेवढ्या एका वाक्याने मी बांधली गेले.

मी त्यांच्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये दोन कामांसाठी जायला लागले. आठवड्यातून एकदा थेरपिस्ट म्हणून, आणि रविवारी मिस्सेनंतर डबी घेऊन. सुरुवातीला त्यांना अख्खा ख्रिस्तप्रसाद चालायचा. मग अर्धा. मग पाव, पाठोपाठ घट्ट केलेल्या पाण्याचा चमचा. भात गेला, मोनिकाताई रोल्लाच्या बाजारातून आणायच्या ते बोंबील गेले, पेज गेली, आणि तरी रविवारचा तो तुकडा चालूच होता. सर तो तोंडात घेऊन डोळे मिटायचे. मी प्रार्थना म्हणायचे आणि डोळे त्यांच्या कंठमण्यावर ठेवायचे. मला दोन्ही एकत्र जमायचं नाही. कंठमणी उचलला गेला की माझ्या तोंडून ‘आमेन’ निघायचं, आणि ते आमेन भक्तीचं नसून सुटकेचं असायचं.

बोलणं बंद पडलं तेव्हा मी त्यांच्यासाठी मराठी अक्षरांची पारदर्शक पाटी केली. दोघांच्या मध्ये ती धरायची, त्यांनी अक्षराकडे बघायचं आणि आपण पलीकडून त्यांची नजर वाचायची. वर पाहिलं की ‘हो’. काना-मात्रा घातल्या तर पाटी फार गिचमीड होते, म्हणून नुसती मूळ अक्षरं ठेवली होती. बाकीचं आपण लावून घ्यायचं. मोनिकाताई त्यात तरबेज झाल्या. दोन अक्षरांत त्यांना अख्खं वाक्य कळायचं.

मग पोटात अन्नाची नळी बसली आणि पलंगाशी ‘तोंडाने काहीही देऊ नये’ ही पाटी लावायची वेळ आली. मीच लावली. डॉक्टर तेच म्हणत होते, पण घरच्यांना समजावणं माझ्याकडे होतं. फादरांनी मार्ग सुचवला : चर्चची मुभा आहे, कण पाण्यात विरघळवून नळीतून द्या, तोही ख्रिस्तप्रसादच. मी सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांची नजर अक्षरांच्या पाटीवर फिरली. घ. ख.

‘घ्या आणि खा,’ मोनिकाताई म्हणाल्या. ‘ख्रिस्त ‘घ्या आणि खा’ म्हणालाय, असं म्हणतायत हे.’

सरांनी वर पाहिलं. मग पुन्हा पाटीवर. नळी नको.

‘सर, तोंडाने दिलं तर फुप्फुसात जाईल. जिवावर बेतेल.’

त्यांनी चार अक्षरं दाखवली. मोनिकाताईंनी ती लावली आणि त्यांचा आवाज उतरला. ‘त्याच्यामुळे? ख्रिस्तामुळे जिवावर बेतेल? असं विचारतायत.’

मी उत्तर दिलं, तेही त्यांनीच शिकवलेलं : रूप भाकरीचंच राहतं, म्हणून ती भाकरीसारखीच अडकते. उत्तर बरोबर होतं. सरांनी डोळे मिटून घेतले; बोलणं संपवायचं असलं की ते तसं करायचे. त्या रविवारपासून त्यांनी काहीच घेतलं नाही. तरी मी डबी घेऊन जायचे, ते नजर खाली करायचे, आणि मी तुकडा तसाच चर्चला परत नेऊन ठेवायचे.

पावसाळा म्हणावा असं इथे काही नसतं. उन्हाळा मात्र मोजून घ्यावा लागतो. तो उन्हाळा त्यांनी पलंगावर काढला. एका दुपारी मी छाती तपासत असताना त्यांनी पाटीकडे खूण केली. आ, त, क, ह, न, ह.

‘आता काही नाही,’ मोनिकाताईंनी वाचलं. ‘आता काही त्रास नाही म्हणतायत. देवाची कृपा.’

सरांनी वर पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिले. मी हळूच विचारलं, ‘आत? आत काही नाही?’

त्यांची नजर वर गेली.

मोनिकाताई पाटी धरून उभ्या होत्या. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पाटी पलंगावर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाला, बराच वेळ चालू राहिला. मी सरांपाशी बसून राहिले.  त्यांची लाळ पुसली आणि उशी सरळ केली. तेवढंच मला येतं.

त्यानंतर मोनिकाताईंनी मला डबी आणू नकोस म्हणून सांगितलं. रात्रीपुरता असलेला श्वासाचा मास्क काही आठवड्यांत दिवसाही लागायला लागला. डॉक्टरांनी सरांना स्पष्ट विचारलं, हॉस्पिटलमध्ये यायचं का. त्यांनी नाही म्हटलं. मग डॉक्टर म्हणाले, आता जे बरं वाटेल ते करू द्या, एखादी चव हवीशी वाटली तर जिभेवर ठेवा, धोका त्यांना ठाऊक आहे. रियाने फ्रीजमधून आंब्याचा रस काढला. सरांनी तिच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि पाटी मागितली. आ. ण.

‘आण? काय आणू, पापा?’

त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली. तिथे पिशवी नव्हती, तरी मला समजलं.

रिया मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेली. ‘आंटी, यू आर द वन हू सेड नथिंग बाय माउथ.’

‘हो.’

‘ही डझन्ट इव्हन बिलीव्ह इट नाऊ. मम्मीने सांगितलं मला.’

‘त्यांनीच मागितलंय, रिया.’

‘अँड इफ ही चोक्स?’

‘मी असेन ना शेजारी.’

फादर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी सरांना ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे घेतली. तशाने वाट थोडी सुरक्षित होते. सक्शन मशीन सुरू करून पाहिलं. घशातली लाळ आणि कफ नळीने ओढून काचेच्या बरणीत जमा करणारं हे यंत्र असल्या पेशंटच्या घरी नेहमीच असतं. फादरांनी टाचणीच्या डोक्याएवढा कण मोडला. फादरांनी सरांसाठी एक मराठी वाक्य पाठ केलं होतं, ते म्हणाले, ‘ख्रिस्ताचं शरीर.’ सरांनी वर पाहिलं. हेच त्यांचं आमेन. मास्क बाजूला केला आणि फादरांनी कण जिभेवर ठेवला.

माझी बोटं कंठमण्यावर होती. गिळायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाच्या मानेत आधी एक ताण येतो. तो आला. सरांनी जीव एकवटला होता, कपाळावरची शीर फुगली होती. कंठमणी हलला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. लाळ साचत गेली, घशातून घरघर सुरू झाली, बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला. मोनिकाताई मोठ्याने ‘हे प्रभू, हे प्रभू’ म्हणत होत्या. सरांचे ओठ निळे पडायला लागले आणि मी सक्शनची नळी तोंडात घातली.

पारदर्शक नळीतून लाळेबरोबर तो पांढरा ठिपका सरकताना आम्हा सगळ्यांना दिसला. बरणीत पडला. तिथे सकाळपासूनचा कफ होता.

मास्क लावला, रंग परत आला. सरांनी बरणीकडे पाहिलं. मोनिकाताईंनी पाटी धरली तर ते पाटीकडे बघेनात. फादर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, ‘सर, फिकर मत करो. मैं ले जाऊँगा, इज्जत से.’ सरांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. रियाने पुसलं.

असल्या बरणीतलं काय करायचं ह्याचा नियम मला पाठ आहे. पण ही बरणी मी झाकण लावून, रुमालात गुंडाळून मांडीवर घेतली आणि फादरांच्या गाडीत बसले. चर्चमध्ये एक खास कुंड असतं, त्याचं पाणी गटारात न जाता थेट जमिनीत मुरतं. पवित्र गोष्टी तिथे विसर्जित करतात. रस्ता तुंबलेला होता. दोन्ही बाजूंना डिलिव्हरीवाल्यांच्या मोटारसायकली.

‘फादर, इसमें प्रभु अभी भी हैं?’ मी विचारलं.

‘जब तक ब्रेड का रूप है, तब तक.’

‘कितनी देर रहता है?’

त्यांनी गाडी हातभर पुढे घेतली. ‘मालूम नहीं, अनिता.’

मी रुमाल उघडून पाहिलं. आरंभीचे लोक तळहातावरून एक कणही सांडू द्यायचे नाहीत, सोन्याची धूळ जपावी तसा जपायचे, असं सर सांगायचे. मला कफ दिसला, नेहमीचा, पिवळसर. ठिपका शोधला, सापडला नाही. मी मनात प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. कुणाशी बोलतेय असं वाटेना. कुंडाशी फादर गुडघ्यांवर आले, पाणी घालून घालून बरणी रिकामी केली. मी हातमोजे घालून मागे उभी राहिले. गुडघे टेकायला हवे होते, हे कळत होतं.

सरांनी त्यानंतर काही मागितलं नाही. रियाने विचारलं की नजर वर-खाली करायचे तेवढंच. काही आठवड्यांनी ताप आला. डॉक्टर म्हणाले, स्वतःची लाळच फुप्फुसात उतरते, ह्या आजारात असं होणारच, त्या दिवसाशी संबंध जोडू नका. दुसऱ्या पेशंटच्या घरी मीही हेच सांगितलं असतं. सर गेले तेव्हा मोनिकाताई त्यांचे पाय चोळत होत्या. पाय गार पडल्याचं त्यांनाच आधी कळलं.

वसईला नेण्याची कागदपत्रं होईपर्यंत इथे त्यांच्यासाठी मिस्सा ठेवली. चर्च भरलं होतं. त्यांच्या वर्गातले लोक अबूधाबीहूनही आले होते. मी मोनिकाताईंच्या शेजारी बसले. फादरांनी प्रवचनात सरांनी किती जणांचा विश्वास दृढ केला ते सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. मग भाकर उचलली गेली, घंटा झाली, आणि ख्रिस्तप्रसादासाठी रांगा लागायला लागल्या.

मोनिकाताई माझ्याकडे न वळता म्हणाल्या, ‘त्या बरणीत तो होता का गं?’

‘सर म्हणाले असते, होता.’

‘ते राहू दे. तू नेलीस ना मांडीवर. तू सांग.’

मी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

‘आणि होता,’ त्या म्हणाल्या, ‘तर मग त्याने ह्यांना एवढंसं गिळू का दिलं नाही?’

आमच्या बाकाची पाळी आली. बाजूची माणसं उभी राहिली, आम्ही उठत नाही हे पाहून क्षणभर थांबली, आणि मग आमच्या गुडघ्यांना न लागता वाट काढत एकेक करून पुढे गेली. रिया त्यांच्यामागे उठली, आईकडे पाहिलं आणि परत बसली. आम्ही तिघी रांग संपेपर्यंत तशाच बसून राहिलो.